मसाला भरायचं यंत्र, दोन ग्रॅमचा दावा आणि एकसष्ट पुड्या

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. कोल्हापुरात राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्या, मी, माझ्या जाऊबाई आणि कामाला चार बायका. २०० ग्रॅमची पुडी हा आमचा मुख्य माल, दिवसाला साधारण ६०० पुड्या भरतो. गेल्या दिवाळीनंतर पुड्या भरायचं अर्धस्वयंचलित यंत्र घेतलं. वापरून सात महिने झाले, म्हणून आता लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही. अशी यंत्रं बरेच जण बनवतात, रचनाही जवळपास सारखीच असते. या जातीचं कुठलंही यंत्र घेणाऱ्याला उपयोग व्हावा एवढंच मनात आहे.

आधी यंत्राविषयी. वर नरसाळ्याच्या आकाराचा २५ किलोचा स्टीलचा हॉपर, त्याच्या मधोमध उभा स्क्रू. त्याला ऑगर म्हणतात. खाली पुडी धरायची, पायाने पेडल दाबायचं, स्क्रू ठरलेले फेरे फिरतो आणि तेवढा मसाला पुडीत पडतो. हे यंत्र वजन करत नाही. ते फेरे मोजतं. दर फेऱ्याला पडणारा मसाला सारखा असेल तरच पुडीचं वजन सारखं येतं. मसाला भुसभुशीत असला तर कमी भरतो, दाबून बसलेला असला तर जास्त. हळद, पिठीसाखर अशा कोरड्या मालाला हे सोपं जातं. कांदा-लसूण मसाला तेलकट, कांद्या-खोबऱ्याचा, चिकटणारा. किंमत १ लाख ३५ हजार, वर जीएसटी. पुडी बंद करायचा बँड सीलर वेगळा घ्यावा लागतो.

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: अचूकता अधिक-उणे २ ग्रॅम. मी अडकले ती याच ओळीवर.

मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलंय. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा करणारे वि. स. हुजूरबाजार मूळचे आपल्या कोल्हापूरचे, १९१९चा त्यांचा जन्म, हे आमचे सर पहिल्याच तासाला छाती फुगवून सांगायचे. लग्नानंतर ती पुस्तकं माळ्यावर गेली. या यंत्रामुळे खाली आली, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

‘अधिक-उणे २ ग्रॅम’ म्हणजे नेमकं काय? प्रत्येक पुडी त्या पट्ट्यात बसेल, की बहुतेक? बहुतेक म्हणजे शंभरातल्या किती? मी विचारलं तर विक्रेते म्हणाले, “ताई, दोन ग्रॅमच्या वर हलतच नाही.” यावर परीक्षा घेता येत नाही. म्हणून मी त्यांच्याच समोर एक अर्थ ठरवून घेतला: १०० पुड्यांतल्या साधारण ९५ तरी या पट्ट्यात बसायला हव्यात. वजनं घंटेच्या आकारात पसरतात (बहुतेक सरासरीजवळ, लांबची थोडीच) असं धरलं, तर ९५ टक्के माल सरासरीच्या दोन्ही बाजूंना जवळपास दोन प्रमाण विचलनांत येतो. प्रमाण विचलन हे वजनं सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप. म्हणजे प्रमाण विचलन १ ग्रॅम. त्याचा वर्ग, व्हेरियन्स, तोही १. दाव्याचं एका आकड्यात रूपांतर झालं: सिग्मा, म्हणजे खरं प्रमाण विचलन, १ ग्रॅम. ही पायरी गाळून पुढचं गणित कितीही नीट केलं तरी ते कशाचं गणित आहे तेच कळत नाही.

तुम्ही म्हणाल, सरासरी बघा की, ती २०० आली म्हणजे झालं. सरासरी ही तर सर्वांत सोपी गोष्ट. फेऱ्यांचा आकडा वाढवला की सरासरी वाढते, कमी केला की उतरते, पॅनेलवर दोन बटणं दाबायची. वजनांचा पसारा मात्र बटणाने कमी होत नाही. तो यंत्रात असतो, मालात असतो, काम करायच्या पद्धतीत असतो. आणि पैसा त्या पसाऱ्यातच जातो. २०० ग्रॅमच्या पुडीला कायद्याने ९ ग्रॅमपर्यंतची तूट चालते, पण सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जाऊन चालत नाही. शिवाय घरी काट्यावर पुडी ठेवणारं गिऱ्हाईक कायदा बघत नाही, काट्यावरचा आकडा बघतं. मग पसारा जितका मोठा, तितकी सरासरी वर ठेवावी लागते. हाताने भरताना आमची सरासरी २०३.२ ग्रॅम होती. प्रत्येक पुडीमागे तीन ग्रॅम मसाला आम्ही फुकट देत होतो.

विक्रेत्याच्या गोदामात डेमो झाला. हॉपरमध्ये अडीच-तीन किलो हळद होती. विक्रेत्या साहेबांनी पाच पुड्या सलग भरल्या आणि मी वजनं वहीत टिपली: २०१.८, २०१.६, २००.३, १९८.७, १९८.६. “बघा, एकही दोन ग्रॅमच्या बाहेर नाही.” खरंच नव्हती.

घरी येऊन गणित मांडलं. सरासरी २००.२. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली ती ९.३४. चारने भागून व्हेरियन्स २.३४ आणि प्रमाण विचलन १.५३ ग्रॅम. म्हणजे दाव्याच्या दीडपट. आता काय-वर्ग परीक्षा, म्हणजे दिसलेला पसारा दाव्याशी जुळतो का ते बघायची. ही अगदी सरळ आहे: नमुन्याचा व्हेरियन्स गुणिले नमुन्यातल्या नगांपेक्षा एक कमी संख्या, भागिले दाव्याचा व्हेरियन्स. इथे दाव्याचा व्हेरियन्स १, त्यामुळे उत्तर तेच, ९.३४. चार स्वातंत्र्यमात्रांना (म्हणजे नगांपेक्षा एक कमी) पाच टक्के पातळीवरची मर्यादा ९.४९, दावा खरा असेल तर शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी. उत्तर मर्यादेच्या आत. म्हणजे पुस्तकी भाषेत साहेबांचा दावा नाकारता येत नाही.

मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. प्रमाण विचलन खरोखर दीड ग्रॅम असेल तर दर पाच पुड्यांत जवळपास एक पुडी दोन ग्रॅमच्या बाहेर जाणार. तरी परीक्षेत यंत्र पास! ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरा सिग्मा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, काढली, ती निघाली ०.९ ग्रॅमपासून ४.४ ग्रॅमपर्यंत. पाच पुड्यांना यापेक्षा जास्त काही सांगताच येत नाही. यंत्र उत्तम आहे की टाकाऊ, दोन्ही शक्यता त्यात मावतात.

चूक गणितात नव्हती, मांडणीत होती. मी शून्य परिकल्पना (उलट पुरावा मिळेपर्यंत खरं धरायचं ते) घेतली होती ‘सिग्मा १ आहे’ आणि पर्यायी परिकल्पना (पुराव्याने दाखवायचं ते) ‘सिग्मा १ पेक्षा जास्त आहे’. याचा अर्थ असा की यंत्र चांगलं आहे हे मी आधीच मान्य केलं आणि ते वाईट आहे हे सिद्ध करायची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुरावा जितका तोकडा, तितकं यंत्र सुरक्षित. पाच पुड्यांऐवजी तीनच भरल्या असत्या तर विक्रेत्याचं आणखी भलं झालं असतं. डेअरीत दूध घालायला गेलेल्या माणसाची आधी फॅट लागते, मग दर ठरतो. ‘फॅट कमी आहे हे तुम्हीच सिद्ध करा’ असं तो म्हणत नाही. मग यंत्र विकत घेताना उलटं का?

विकत घेणाऱ्याने परिकल्पना उलट्या लिहायला हव्यात. शून्य परिकल्पना: सिग्मा १ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. पर्यायी: सिग्मा १ ग्रॅमपेक्षा कमी. आता पुरावा द्यायचा भार यंत्रावर. काय-वर्गाचं उत्तर या वेळी डाव्या टोकाच्या मर्यादेपेक्षा लहान यावं लागतं, आणि नमुना छोटा असेल तर तिथवर पोचणं यंत्रालाच जड जातं. सूत्र तेच, कोष्टक तेच, बघायची बाजू दुसरी. बरोबरीचं चिन्ह नेहमी शून्य परिकल्पनेत राहतं. आपल्याला जे दाखवून हवंय ते पर्यायीत जातं. आणि हे सगळं पहिली पुडी भरायच्या आधी कागदावर उतरलेलं असावं लागतं, वजनं बघून बाजू निवडायची नसते. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. समजलं ते इथे.

विक्रेत्यांना मी हीच अट घातली: ४० टक्के आगाऊ, बाकी रक्कम माझ्या मसाल्यावर, माझ्या खोलीत, ३० पुड्यांची परीक्षा झाल्यावर. “आजवर असं कुणी मागितलं नाही ताई,” असं म्हणाले, पण तयार झाले. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

यंत्र आलं. पहिल्या दिवशी हॉपर काठोकाठ भरला आणि मधे मसाला न घालता काम चालू ठेवलं. त्या दिवसभरातून ३० पुड्या बाजूला काढल्या. वजनाचा काटा ०.१ ग्रॅमचा, वैधमापनचा शिक्का असलेला. तीच पुडी दहा वेळा ठेवून बघितली, आकडा ०.१च्या वर हलला नाही. रिकाम्या दहा पुड्याही तोलल्या, त्यांच्यातला फरक तेवढाच. म्हणजे जो पसारा दिसेल तो मसाल्याचा, काट्याचा नाही. ही खात्री आधी करून घ्या, नाहीतर काट्याचं पाप यंत्राच्या माथी जातं.

निकाल: सरासरी २००.६, प्रमाण विचलन १.७ ग्रॅम, व्हेरियन्स २.८९. काय-वर्ग ८३.८. एकोणतीस स्वातंत्र्यमात्रांना उजव्या टोकाची मर्यादा ४२.५६. विक्रेत्याच्या सोयीची मांडणी घेतली तरी दावा नापास.

जाऊबाई म्हणाल्या, “अगं, मग आपला हात काय वाईट होता?” प्रश्न अगदी योग्य होता. हाताने भरलेल्या ३० पुड्यांची वजनं माझ्याकडे होती, प्रमाण विचलन १.९, व्हेरियन्स ३.६१. दोन व्हेरियन्सची तुलना करायची तर एफ परीक्षा. एफ हे नाव संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यावरून, जॉर्ज स्नेडेकर या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये दिलेलं. इथे नुसता भागाकार आहे: ३.६१ भागिले २.८९, म्हणजे १.२५. मला दाखवायचं होतं की हाताचा पसारा यंत्रापेक्षा जास्त आहे, त्यामुळे पर्यायी परिकल्पना एकतर्फी, म्हणजे एकाच बाजूचा फरक शोधणारी, आणि भागाकारात हाताचा व्हेरियन्स वर. मर्यादा १.८६. सव्वा लाखाच्या वरचं यंत्र आमच्या बायकांच्या हातापेक्षा सरस आहे असं म्हणायला आधार नव्हता. त्या संध्याकाळी मी खरंच नाराज होते. बायकांना मात्र सांगितलं की तुमचा हात यंत्राच्या तोडीचा आहे, आणि ते आकड्यांनिशी सांगता आलं याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तीस वजनं भरल्याच्या क्रमाने आलेखाच्या कागदावर मांडली. ठिपके विस्कटलेले नव्हतेच. डावीकडून उजवीकडे उतरत गेले होते, २०३च्या आसपास सुरुवात आणि शेवटी १९८. हॉपर भरलेला असताना वरच्या मसाल्याच्या भाराने खालचा दाबला जातो, फेऱ्याला जास्त मसाला पडतो. हॉपर रिता होत गेला की भार कमी, मसाला सैल, वजन उतरतं. १.७ ग्रॅममधला बराचसा पसारा म्हणजे हा उतार होता.

मग डेमोच्या दिवसाची वही पुन्हा उघडली. २०१.८, २०१.६, २००.३, १९८.७, १९८.६. तोच उतार. अडीच-तीन किलो हळदीतून किलोभर पाच पुड्यांत गेली होती. यंत्राने पहिल्याच दिवशी आपला दोष सांगितला होता आणि मी फक्त फरकांचे वर्ग करत बसले होते. व्हेरियन्सला क्रम कळत नाही. आकडे कसेही पिसले तरी तो तोच येतो. काय-वर्ग काय आणि एफ काय, प्रत्येक पुडी आधीच्या पुडीपासून स्वतंत्र आहे असं धरूनच चालतात. ते खरं आहे का हे आपण डोळ्यांनी बघायचं.

उपाय स्वस्त निघाला. विक्रेते लेव्हल सेन्सर लावून द्यायला तयार होते, वेगळ्या पैशात. मी हॉपरवर दोन रेघा मारून घेतल्या. मसाला वरच्या रेघेपर्यंत भरायचा, खालच्या रेघेला आला की लगेच पुन्हा भरायचा. साधारण दर वीस पुड्यांमागे चार किलो. त्यांच्या सर्व्हिसच्या माणसाने येऊन आतल्या ढवळणीचं पातं बदललं, आधीचं भिंतीपर्यंत पोचत नव्हतं आणि कडेला मसाल्याचा थर धरत होता. डंकावरून आलेला मसाला गरम असतो, तो रात्रभर परातीत पसरून गार झाल्याशिवाय यंत्रात घालायचा नाही, हा नियम जाऊबाईंचा. तिन्ही गोष्टी झाल्यावर पुन्हा ३० पुड्या.

या वेळी व्हेरियन्स ०.७४, प्रमाण विचलन ०.८६. साहेब खूश, मीही खूश. पण काय-वर्ग आला २१.४६, आणि माझ्या मांडणीतली डाव्या टोकाची मर्यादा १७.७१. उत्तर तिच्या खाली नव्हतं. विक्रेत्याच्या मांडणीने यंत्र सहज पास, २१ कुठे आणि ४२ कुठे. माझ्या मांडणीने सिद्ध झालेलं नाही. विश्वासाची मर्यादा ०.६९ ते १.१६, म्हणजे १ अजून आतच.

साहेब वैतागले. “पॉइंट शहाऐंशी आलं की ताई, एकच्या खाली!” त्यांचा राग मला समजत होता. मी त्यांना बसवून चहा दिला आणि हिशेब दाखवला. समजा यंत्राचा खरा सिग्मा ०.८ आहे, म्हणजे दाव्याहून चांगला. तरी ३० पुड्यांच्या परीक्षेत ते स्वतःला सिद्ध करेल याची शक्यता निम्म्याहूनही कमी, साधारण ४६ टक्के. चांगल्या यंत्रावर हा अन्याय आहे. आणि ती चूक माझी, कारण ३० हा आकडा मी काहीही न मोजता, सवयीने घेतला होता. पुड्या ६१ केल्या तर हीच शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. पसाऱ्याच्या परीक्षेला सरासरीच्या परीक्षेपेक्षा फार मोठा नमुना लागतो, हे ठरवायचं काम मांडणीच्या वेळीच करायचं असतं. एकसष्टच का, तर माझ्या जुन्या पुस्तकातलं काय-वर्गाचं कोष्टक ३० नंतर ४०, ५०, ६० असं उड्या मारत जातं. स्वातंत्र्यमात्रा ६० हव्यात तर पुड्या ६१.

जुन्या ३० मध्ये नव्या ३१ मिळवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. एकदा निकाल बघून मग पुड्या वाढवत गेलं तर कधीतरी हवा तो निकाल मिळतोच. नवा दिवस, नव्या पुड्या, आणि दोघांच्या सहीने कागद: ही शेवटची परीक्षा, नापास झालं तर यंत्र परत. दिवसभराच्या कामातली पहिली पुडी आणि मग प्रत्येक दहावी घ्यायची: १, ११, २१, अशी ६०१ पर्यंत. सलग घेतल्या असत्या तर दुपारचा उकाडा, हॉपर भरण्याची वेळ, माणूस बदलणं, यातलं काहीच नमुन्यात आलं नसतं.

व्हेरियन्स ०.६६. प्रमाण विचलन ०.८१. काय-वर्ग ३९.६, मर्यादा ४३.१९. पी-व्हॅल्यू, म्हणजे सिग्मा १ असूनही निव्वळ योगायोगाने पसारा इतका कमी दिसण्याची शक्यता, ०.०२च्या आसपास. विश्वासाची मर्यादा ०.६९ ते ०.९९. एक ग्रॅम बाहेर गेला, अगदी काठावरून का होईना. आलेखावर ठिपके विखुरलेले, उतार नाही. मी त्याच संध्याकाळी उरलेली रक्कम दिली. हाताशी तुलना केली तर एफ ५.४७, मर्यादा १.६६. आता शंकेला जागाच नव्हती.

एक्सेलमध्ये हे करणार असाल तर दोन जागी सांभाळा. व्हेरियन्ससाठी ‘व्हार एस’ वापरा, ‘व्हार पी’ नव्हे, दुसरं पूर्ण नगांनी भागतं आणि पसारा कमी दाखवतं. आणि ‘काय-स्क्वेअर टेस्ट’ नावाचं जे फंक्शन आहे ते या कामाचं नाहीच, ते वारंवारतेच्या कोष्टकांसाठी आहे. आपण काय-वर्ग स्वतः काढायचा आणि ‘काय-स्क्वेअर डिस्ट’मधून शक्यता घ्यायची, डावं टोक की उजवं ते आपल्या पर्यायी परिकल्पनेप्रमाणे. ‘एफ टेस्ट’ हे फंक्शन दुतर्फी उत्तर देतं, आपली मांडणी एकतर्फी असेल आणि व्हेरियन्सही अपेक्षित बाजूनेच मोठा आला असेल तर ते निम्मं करायचं.

दुतर्फी मांडणीही एकदा केली. पेडलवर मी बसते तेव्हाचा पसारा आणि जाऊबाई बसतात तेव्हाचा, यात फरक आहे का? कोणाचा जास्त असेल याचा आधी काहीच अंदाज नव्हता, म्हणून पर्यायी परिकल्पना नुसती ‘सारखे नाहीत’. पंचवीस-पंचवीस पुड्या, ०.७१ आणि ०.५२, एफ १.३७, मर्यादा २.२७. फरक दिसत नाही. पंचवीस पुड्यांत बारीक फरक सापडणारही नाही, म्हणून ‘दोघी सारख्या’ असंही मी म्हणत नाही. आम्ही आळीपाळीने बसतो, एवढं ठरलं.

चाळण्याचा प्रयोग मात्र सांगायलाच हवा, कारण तिथे मी फसणार होते. मसाला यंत्रात घालण्यापूर्वी चाळला तर पसारा कमी होतो का? पुन्हा पंचवीस-पंचवीस. चाळलेल्याचा व्हेरियन्स ०.७०, न चाळलेल्याचा १.८८. एफ २.६९, एकतर्फी मर्यादा १.९८. फरक सिद्ध! पण आलेख बघितला तर न चाळलेल्यांत चोवीस पुड्या अगदी शहाण्यासारख्या आणि एकटी १९५.१ ग्रॅमची. मसाल्याचा गोळा स्क्रूच्या तोंडाशी अडकला होता. ती एक पुडी काढली की दोन्ही बाजू सारख्याच. फरकाचा वर्ग होतो, म्हणून साडेपाच ग्रॅमची एक चूक एकटीच तीसला पोचते. काय-वर्ग आणि एफ, दोन्ही परीक्षा वजनं घंटेच्या आकारात पसरतात यावर फार विसंबून असतात. सरासरीच्या परीक्षांना थोडं कमीजास्त चालतं, यांना चालत नाही. अशा वेळी लेव्हिनची परीक्षा, म्हणजे तिचं ब्राउन-फोर्साइथ यांनी १९७४ मध्ये सुचवलेलं रूप बरं पडतं: प्रत्येक वजनाचं आपल्या गटाच्या मध्यकापासूनचं (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या वजनापासूनचं) अंतर काढायचं, चिन्ह सोडून द्यायचं, आणि दोन गटांतल्या या अंतरांच्या सरासरींची नेहमीची तुलना करायची. ती केली तर फरक सिद्ध होत नाही.

तरी आम्ही मसाला चाळतो. परीक्षा रोजच्या पसाऱ्याविषयी बोलत होती, मला भीती त्या एका पुडीची होती. १९५ ग्रॅमची पुडी कायद्याने चालेल, ती ज्या घरात जाईल तिथे चालणार नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींना एकच उत्तर शोधू नये.

आता पैशाचं. हाताने भरताना सरासरी २०३.२ ठेवावी लागायची आणि तरी शंभरातल्या चार-पाच पुड्या २००च्या खाली जायच्या. यंत्रावर सरासरी २०१.५ ठेवली आहे, खाली जाणाऱ्या तीनच्या आसपास. पुडीमागे १.७ ग्रॅम वाचतो, ६०० पुड्यांमागे किलोभर मसाला. आमच्या भावाने दिवसाला ६०० रुपये. आम्ही रोज भरत नाही, उन्हाळ्यातच खरी गर्दी. त्या हिशेबाने दोन वर्षांत यंत्राची किंमत निघावी. वेग चांगला आहे, मिनिटाला आठ-दहा पुड्या आरामात होतात, बायकांचे खांदे दुखायचे थांबले. याची किंमत मी मांडलेली नाही, पण आमच्यासाठी ती मोठी आहे.

न आवडलेलं: स्क्रू काढून धुवायला पाऊण तास जातो आणि खालची नळी लांब दांड्याच्या ब्रशशिवाय साफ होत नाही. दोन वेगळे मसाले एका दिवशी भरायचे असतील तर हा वेळ धरूनच चाला. पेडलचा स्विच पाचव्या महिन्यात गेला, वॉरंटीत दुसरा मिळाला, पण त्यासाठी चार दिवस हाताने भरावं लागलं. पॅनेलवरची अक्षरं इंग्रजीत आहेत, आम्ही वर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्यात. सर्व्हिसचा माणूस मात्र सज्जन आणि कामाला चोख.

आता ५० ग्रॅमच्या पुड्या सुरू करायच्या आहेत. त्यासाठी लहान स्क्रू लागतो, आणि त्याच्या माहितीपत्रकावर पुन्हा एक दावा आहे: अधिक-उणे १ ग्रॅम. मागच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला तेव्हा मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, “एकसष्ट पुड्या ना ताई? आणि सिग्मा अर्धा ग्रॅम?” मंगळवारी स्क्रू घेऊन येताहेत. मसाला सोमवारी कुटून पसरून ठेवायचा, म्हणजे रात्रभरात गार होईल.